फड हे कामाचं ठिकाण आहे का? : कामावरच्या हिंसेचा अभ्यास सुरू करण्याआधी

"कामाच्या ठिकाणची हिंसा" या विषयावर संशोधन करायचं म्हणून वाचायला बसलं की पहिल्या आठवड्यात जे पेपर हाती लागतात, त्यातले बरेचसे दवाखान्यांबद्दलचे असतात. डॉक्टरला नातेवाइकांनी मारलं, परिचारिकेला शिवीगाळ झाली. उरलेले ऑफिसबद्दलचे, म्हणजे वरिष्ठाचा त्रास, सहकाऱ्यांची टोमणेबाजी. हे सगळं खरं आहे आणि गंभीरही आहे. पण हे वाचून तयार केलेली प्रश्नावली घेऊन तुम्ही तीर्थपुरीला उतरलात, तर ती पहिल्याच फडावर अडेल. का अडेल, हे या पोस्टमध्ये सांगायचं आहे. रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला "संकल्पनेची कार्यकारी व्याख्या करा" असं सांगतात, पण ती चुकली की माणसं कशी गायब होतात ते सहसा दाखवत नाहीत. इथे ते नीट दिसतं.

तीर्थपुरी जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. दक्षिणेला गोदावरी, वरून जायकवाडीचा डावा कालवा, त्यामुळे ऊस आणि उसामुळे साखर कारखाना. दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो तेव्हा या पट्ट्यात टोळ्या उतरतात, कोपी उभ्या राहतात. आणि त्याच सुमारास याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतली कुटुंबं बिऱ्हाड गाडीत भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. २०२१ मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या टप्प्यात बीड आणि अहमदनगरसोबत जालना जिल्हा घेतला होता. म्हणजे एकाच जिल्ह्यात ऊस तोडायला येणारेही आहेत आणि जाणारेही. अभ्यासकाला अशी जागा क्वचित मिळते.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. ऊसतोडीत मजूर मोजायचं एकक माणूस नाही, कोयता आहे. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम या जोडीला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. उचल बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते, काम दोघांचं. एक दिवस काम बुडालं तर खाडा लागतो, आणि दोघांपैकी एकजण आजारी पडला तरी खाडा जोडीवर. हंगाम संपला की त्याला "पट्टा पडला" म्हणतात. तेव्हा हिशेब होतो. उचल फिटली तर ठीक, नाही तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या डोक्यावर.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. कामावरच्या हिंसेचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वर्गीकरण अमेरिकेतलं आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने तीन प्रकार मांडले, पुढे त्यात चौथा जोडला गेला. पहिला प्रकार : कामाशी संबंध नसलेला गुन्हेगार, म्हणजे दुकान लुटायला आलेला. दुसरा : ग्राहक, रुग्ण, विद्यार्थी, म्हणजे ज्याला आपण सेवा देतो तो. तिसरा : सहकारी किंवा वरिष्ठ. चौथा : घरच्या नात्यातला माणूस, जो कामाच्या जागी येऊन हल्ला करतो. हे वर्गीकरण उपयोगी आहे, कारण प्रत्येक प्रकाराला उपाय वेगळा लागतो. पहिल्यासाठी उजेड, कॅमेरा, रोख रक्कम कमी ठेवणं. दुसऱ्यासाठी गर्दीचं नियोजन, पुरेशी माणसं. तिसऱ्यासाठी तक्रार समिती. चौथ्यासाठी संरक्षण आदेश आणि कामाच्या वेळा बदलून देणं.

पण फडावर हे चार डबे एकमेकांत मिसळतात. नवरा बायकोला फडातच मारतो, कारण मोळी वेळेत बांधली नाही आणि गाडी भरायची राहिली. हा कुठला प्रकार? नवरा म्हणून चौथा. पण तो तिचा सहकारीही आहे, एकाच कोयत्याचा दुसरा अर्धा, म्हणून तिसरा. मुकादमाचा दबाव त्याच्यावर आणि त्याचा तिच्यावर, म्हणून त्यात वरिष्ठही आला. मुकादम पुष्कळदा गावचाच किंवा भावकीतला, म्हणजे वरिष्ठ आणि नातेवाईक पुन्हा एकच. प्रश्नावलीत "हल्ला कोणी केला?" या प्रश्नाखाली "पती" असा पर्याय नसेल, कारण प्रश्नावली कामाबद्दलची आहे, तर ही मारहाण नोंदलीच जाणार नाही. आणि घरगुती हिंसेच्या प्रश्नावलीत ती नोंदली गेली, तर तिथे कामाचा संबंध पुसला जातो. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी बरोबर, आणि ती बाई दोन्हीकडे अर्धीच.

माझं मत विचाराल तर इथे "कोणी मारलं" यासोबत "कोणाचं कोणाकडे काय बाकी होतं" हा प्रश्न विचारला पाहिजे. ऊसतोडीतल्या हिंसेचा नकाशा पदांवरून काढता येत नाही, तो उचलीच्या पैशावरून काढावा लागतो. पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, तिथून मुकादमाकडे, तिथून कोयत्याकडे येतो. वसुलीचा दबाव त्याच वाटेने वरून खाली येतो. टोळी पळाली तर मुकादम बुडतो. मग टोळी पळू नये म्हणून धमक्या, कुणाला तरी अडकवून ठेवणं, गाडी किंवा सामान ओढून नेणं. आणि मुकादमाने पैसे घेऊन टोळीच दिली नाही, तर त्याचंच अपहरण झाल्याच्या बातम्या येतात. याने मुकादमाचा दोष कमी होत नाही, पण त्याला फक्त खलनायक म्हणून रंगवलं तर त्याच्या मागची साखळी दिसत नाही.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) याच गोष्टीला पोलीस ठाण्यात "पैशाच्या व्यवहारातून वाद" असं नाव मिळतं. डॉक्टरवर हल्ला झाला तर महाराष्ट्रात त्यासाठी २०१० चा वेगळा कायदा आहे : अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तो हवाच होता. पण उचलीसाठी मजुराला खोलीत कोंडलं, तर ते "कामाच्या ठिकाणची हिंसा" म्हणून मोजलं जाईल असा एकही रकाना नाही. कायदे मात्र आहेत. अन्यायाने कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेत कलम १२७ खाली गुन्हा आहे, जबरदस्तीने काम करून घेणं कलम १४६ खाली. आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा तर आगाऊ रकमेच्या बदल्यात बांधून घेतलेल्या श्रमाबद्दलच आहे. त्यात एक तरतूद अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे : मजुराने "हे वेठबिगारीचं कर्ज आहे" असं म्हटलं, तर तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते.

आता जागेचा प्रश्न. २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आपण सगळे "पॉश" म्हणून ओळखतो, आणि तो कंपन्यांचा कायदा आहे असं गृहीत धरतो. नोटीस बोर्डवर समितीची यादी, वर्षातून एक प्रशिक्षण, त्यात पॉवरपॉइंट. पण या कायद्याची सुरुवात ऑफिसात झालेलीच नाही. भंवरी देवी राजस्थानातल्या भटेरी गावात सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात "साथिन" म्हणून काम करत होत्या. बालविवाह रोखायचा प्रयत्न हा त्या कामाचाच भाग होता. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये, शेतात नवऱ्यासोबत काम करत असताना, त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. महिला संघटना त्याआधी, १९९२ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. त्याच मार्गदर्शक तत्त्वांचा सोळा वर्षांनी कायदा झाला. शेतातून निघालेला कायदा काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला, तो प्रवास स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कोणाला घ्यायचा असेल तर घ्या.

कायद्याचा मजकूर मात्र केबिनपुरता नाही. तो मूळातून वाचा, कोणाच्या सारांशावर विसंबू नका. "कर्मचारी" या व्याख्येत रोजंदारीवरची बाई आहे, कंत्राटदारामार्फत लावलेली बाई आहे, आणि मुख्य मालकाला तिची माहिती नसली तरी ती आहे. "कामाचं ठिकाण" यात असंघटित क्षेत्र आहे, कामानिमित्त जावं लागलेली जागा आहे आणि मालकाने पुरवलेलं वाहनही आहे. म्हणजे उसाचा फड त्यात बसतो, आणि टोळी घेऊन निघालेला ट्रकही बसायला हरकत नाही. कोप बसते का? इथे वाद घालता येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात हा वाद उरत नाही. जिथे मजूर जेवतो, विसावा घेतो, अंघोळीला किंवा शौचाला जातो ती जागा, मालकाने दिलेली राहण्याची जागा, कामावर जाण्या-येण्याचा रस्ता, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हिंसेच्या व्याख्येत शारीरिक, मानसिक, लैंगिक यांच्यासोबत आर्थिक इजाही धरली आहे. भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही, त्यामुळे कोर्टात तो कामाला येणार नाही. पण संशोधनाची व्याख्या कायद्यापेक्षा रुंद असायला कोणी अडवलेलं नाही. फक्त आपण कुठली व्याख्या वापरतोय हे पहिल्या प्रकरणात सांगून टाकायचं.

कोपीचा मुद्दा किरकोळ नाही. कोपीला दार नसतं, आजूबाजूला बहुधा वीज नसते, शौचासाठी अंधारात उसाच्या कडेला जावं लागतं. छळाचा धोका कोयता चालू असतानाच्या वेळेपेक्षा या वेळांमध्ये जास्त असतो. म्हणून प्रतिबंध म्हटलं की पोस्टर आणि शपथेच्या आधी उजेड, पाणी, संडास आणि कोपींची मांडणी यांच्याबद्दल बोललं पाहिजे. तळ पाण्यापासून किती लांब आहे हे मोजून लिहिलेला आकडा मला दहा जागृती कार्यक्रमांच्या अहवालापेक्षा मोलाचा वाटतो.

मालक कोण, हा त्याहून अवघड प्रश्न. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी स्वतःच उचल घेतलेला माणूस. पण मजुरीचा दर ठरतो तेव्हा काय होतं पाहा. राज्य साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना समोरासमोर बसतात. जानेवारी २०२४ मध्ये अशाच बैठकीत मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली. कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचं धोरणही सरकारने ठरवलं. म्हणजे दरासाठी मालक सापडतो, निधीसाठी सापडतो. छळाच्या तक्रारीची वेळ आली की सापडत नाही. ही विसंगती तुमच्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न होऊ शकते.

कायद्याने यावर एक वाट ठेवली आहे. दहापेक्षा कमी कामगार असल्यामुळे अंतर्गत समिती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ग्रामीण भागात प्रत्येक तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा, त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत समितीकडे पाठवायची. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून देण्यासाठी मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. कागदावर हे चांगलं आहे. पण गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर उणिवा असल्याचं म्हटलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमण्यासाठी तारखा घालून द्याव्या लागल्या. कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती तेव्हा.

वेळेचं गणितही फडाशी जुळत नाही. समजा, मंठा तालुक्यातली एक बाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या फडावर गेली आणि डिसेंबरमध्ये तिचा छळ झाला. तक्रारीची मुदत तीन महिने. उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही, टोळीत राहून मुकादमाविरुद्ध बोलता येत नाही. पट्टा पडून ती एप्रिलमध्ये घरी येते तेव्हा मुदत संपलेली असते. समितीला कारणं लिहून आणखी तीन महिने वाढवता येतात, पण ती समिती कोल्हापूरची, कारण अधिकारक्षेत्र जिल्ह्यापुरतं. मंठ्याहून कोल्हापूरला चौकशीच्या तारखांना कोण जाणार? फौजदारी बाजूने थोडी सोय आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते. या दोन गोष्टी फडावर किती जणांना माहीत आहेत, हाही एक मोजता येण्यासारखा प्रश्न आहे.

हाच मुदतीचा धडा प्रश्नावलीलाही लावायचा. प्रमाणित प्रश्नावल्या "गेल्या १२ महिन्यांत" असं विचारतात. ऊसतोड मजुराचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. "मागच्या पट्ट्यात", "कोप घातली तेव्हापासून", "हिशेबाच्या दिवशी" असं विचारलं तर आठवण नीट लागते. "हिंसा" हा शब्द तर वापरूच नका, तो आपल्या सेमिनारचा शब्द आहे. कोणी हात उचलला का, कोणी अडवून ठेवलं का, खाड्यामुळे भांडण झालं का, रात्री एकटीला जायची भीती वाटते का, असं एकेक कृतीचं विचारा.

इथे एक सावधगिरीही हवी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय बाहेर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे सुमारे १७ टक्के. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, फडावर स्वच्छतेची सोय नाही, दुखणं अंगावर काढलं जातं, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, लहान वयात लग्न आणि बाळंतपणं झालेली. यात मारणारा हात कोणाचा? योहान गाल्टुंगने १९६९ मध्ये अशा हानीसाठी संरचनात्मक हिंसा ही संकल्पना मांडली. ती इथे नेमकी लागू पडते. पण म्हणून कानाखाली मारणं, कोंडून ठेवणं आणि ही शस्त्रक्रिया एकाच बेरजेत टाकू नका. बेरीज मोठी दिसेल आणि उपाय एकही निघणार नाही, कारण पहिल्या दोहोंसाठी पोलीस लागतात आणि तिसऱ्यासाठी आजारपणाची भरपगारी रजा आणि डॉक्टरांवर देखरेख. शिवाय या टक्केवारीची राष्ट्रीय सरासरीशी तुलना करण्याआधी दोन्हीकडचे वयोगट पाहा. बातम्यांमध्ये ते क्वचित पाहिलेलं असतं.

आता तुमच्याबद्दल. हिंसेबद्दल विचारणारी मुलाखत स्वतःच धोका निर्माण करू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ ची मार्गदर्शक तत्त्वं यासाठी आजही आधाराला घ्यावीत अशी आहेत : एका घरातल्या एकाच बाईला विचारायचं, अभ्यासाचं नाव बाहेर "हिंसा" म्हणून सांगायचं नाही, एकांत नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा, मदतीचा पत्ता आधी तयार ठेवायचा. दार नसलेल्या कोपीत एकांत कसा मिळणार? बहुधा मिळणारच नाही. म्हणून फडावर जाऊन मुलाखत घेण्यापेक्षा पट्टा पडल्यावर, मे महिन्यात, तिच्या गावी गेलेलं बरं. तिथे मुकादम शेजारच्या आळीत राहत असेल हे खरं, पण निदान त्या दिवशी तिचा खाडा पडणार नाही.

आणि फिल्डवर तुम्हीही कामावरच असता. हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांमध्ये परिसराची व्याख्या वर्गखोलीपाशी थांबत नाही. क्षेत्रभेट, इंटर्नशिप, अभ्यास सहल यांची ठिकाणं आणि तिथपर्यंतचं वाहनही त्यात येतं. फिल्डवर माहिती मिळवून देणाऱ्या माणसाने, गाडीवाल्याने किंवा सोबतच्या वरिष्ठ संशोधकाने त्रास दिला, तर "ते बाहेर घडलं" असं म्हणून विद्यापीठाच्या समितीला हात झटकता येत नाहीत. विद्यार्थी मुलगा असला तरी हे नियम त्याला लागू आहेत. तक्रारीची मुदत इथेही तीन महिनेच. त्यामुळे फिल्ड डायरीत तारीख, वेळ, जागा, सोबत कोण होतं हे रोज लिहायची सवय विदेसाठी जितकी लागते तितकीच स्वतःसाठी.

घनसावंगीला किंवा तुमच्या कुठल्याही तालुक्याला जाल तेव्हा फडावर जाण्याआधी तहसीलमध्ये जा. २०१३ च्या कायद्याखाली या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, त्यांच्याकडे मागच्या हंगामात किती तक्रारी आल्या आणि त्यातल्या फडावरच्या किती, एवढेच प्रश्न विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या. उत्तर किती दिवसांनी आलं, कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेलात, हे तारखेसह लिहून ठेवा. ती तुमच्या विदेतली पहिली नोंद.